राऊतल्या भिंतीवरची अकरा नावं

इंदूरला जाऊन आले म्हटलं की समोरचा आधी विचारतो, काय काय खाल्लं? मग विचारतो, खरंच तेवढं स्वच्छ आहे का हो? दोन्ही प्रश्नांची उत्तरं या लेखात आहेत. पण ज्या गोष्टीसाठी मी हा प्रवास लिहायला बसले ती वेगळी आहे, आणि ती मला आजवर कोणी विचारलेली नाही.

आधी माझ्याविषयी थोडं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी मूळची साताऱ्याची, नोकरी सगळी मुंबईत, एका बँकेत. शेवटची काही वर्षं मुख्य कार्यालयातल्या अशा विभागात होते, ज्याचं काम शेजारणीला सांगताना मी म्हणायचे, "लोकांच्या पैशावर डोळा ठेवायचा." काळा पैसा पांढरा करणारे आणि अतिरेक्यांना पैसा पुरवणारे, या दोघांची वाट अडवायची. हे काम एकट्यादुकट्या देशाचं नव्हे. पैसा लंडनहून निघतो, मधे तिसऱ्याच देशातल्या बँकेत टेकतो आणि आपल्याकडच्या एखाद्या छोट्या शाखेत उतरतो. म्हणून देशोदेशींनी मिळून नियम केले आहेत. संशय आला की बँकेनं आपल्या सरकारी यंत्रणेला अहवाल पाठवायचा, तिनं पलीकडच्या देशातल्या यंत्रणेला कळवायचं, तिनं तिथल्या बँकेला. यातला एक नियम फार कडक आहे. ज्याच्याविषयी अहवाल गेला, त्याला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही, कुठल्याही शब्दांत. नियम बरोबर आहे. चोराला निरोप धाडून कोणी धाड घालत नाही.

आता मी निवृत्त झाले, तरी हा नियम मला सुटलेला नाही. म्हणून या लेखातली माणसांची नावं मी बदलली आहेत, आणि ओळख पटेल असे इतरही काही तपशील. गावं मात्र आहेत तीच आहेत.

शुक्रवार : पोहे आणि हशा

निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही गेलो. इंदूरमध्ये आमच्या तिकडच्या शाखांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मी शिकवणार होते, आणि ब्रिटनहून एक पाहुणे येणार होते, ग्रॅहम नावाचे, तिकडच्या सरकारी यंत्रणेतले, याच कामात केस पिकवलेले. उंच, वाकलेले, मितभाषी. आमची दोघांची ओळख वर्षानुवर्षं ईमेलवरची. प्रत्यक्ष भेट पहिलीच.

सकाळी सातला खाली उतरलो तर धुक्यात रस्ता दिसत नव्हता. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली आणि घराघरातून माणसं ओला-सुका वेगळा केलेला कचरा घेऊन मुकाट बाहेर आली. एका बाईनं गाडीवाल्याला डायपरसाठी वेगळा डबा दाखवायला लावला, तेव्हा माझा उरलासुरला अविश्वास गेला. रस्ता खरोखरच स्वच्छ आहे. इतका, की हातातला चहाचा कागदी कप कुठे टाकावा हे न समजून ग्रॅहम तो हॉलपर्यंत घेऊन आले.

कोपऱ्यावर पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड; इथे पोह्यांत बडीशेप, किंचित गोडवा, वरून मूठभर शेव, कांदा आणि जिरावन नावाचा मसाला, शेजारी गरम जिलबी. पोहेवाल्यानं ग्रॅहमकडे बघून मला विचारलं, "भिया को जिरावन चलेगा ना?" भिया म्हणजे इंदुरी भैया. मी चालेल म्हणून टाकलं. चाललं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं म्हणून मी घाईघाईनं समोरच्या दुकानातून शिकंजी मागवली, माझ्या डोक्यात लिंबाचं सरबत. आलं ते केशर-सुकामेव्याचं घट्ट दूध. इंदूरची शिकंजी तीच. ग्रॅहमनी ती पिऊन संपवली आणि तिखटाचं सार्थक झालं असं म्हणाले. त्या दिवसातलं तेवढंच काय ते हसू मला आता निर्मळ मनानं आठवतं.

दुपारच्या सत्रात मी माझी लाडकी स्लाइड लावली. मुंबई, नागपूर, हैदराबाद, जिथे जिथे ती दाखवली तिथे पेंगलेली मंडळी जागी झाली होती. शीर्षक होतं 'अकरा मेलेले देणगीदार'. हकिगत अशी : राऊ हे महू रस्त्यावरचं, इंदूरला आता जवळजवळ चिकटलेलं गाव. तिथल्या आमच्या शाखेत एका निवृत्त माणसाच्या खात्यावर ब्रिटनमधल्या मुलाकडून पैसे येत. मुलाच्या तिकडच्या खात्यात निरनिराळ्या लोकांच्या लहान लहान रकमा जमत, त्या एकत्र होऊन इकडे येत, आणि इकडे दोन दिवसांत रोख काढल्या जात. पुष्कळ वाटांनी यायचं, एका वाटेनं जायचं आणि शेवटी रोखीत विरायचं, हे चित्र आमच्या धंद्यात नवशिकाही ओळखतो. पैसे मुळात कुणाचे, अशी तिकडून विचारणा झाली तेव्हा शाखेनं वडिलांना फॉर्म दिला. त्यांनी वळणदार अक्षरात अकरा नावं भरून दिली. तिकडे जमा करणाऱ्यांतल्या एकाशीही ती जुळेनात. आम्ही शोध घेतला, तर काहींची पेन्शन मृत्यूमुळे कधीच बंद झालेली, बाकीच्यांचा पत्ताच नाही. मी अहवालावर सही केली. वडिलांच्या खात्यावर निर्बंध आले, म्हणजे पैसे जमा होतील पण काढता येणार नाहीत. तिकडे मुलाच्या बँकेनं त्याचं खातं कारण न देता बंद केलं. साखळी कशी चालावी याचा उत्तम नमुना.

"एरवी पितृपक्षात आपण त्यांना जेवण पाठवतो," मी नेहमीप्रमाणे शेवटी म्हटलं, "इथे त्यांनीच पैसे पाठवले." हॉलमध्ये हशा पिकला. ग्रॅहमना भाषांतर करून सांगावं लागलं, मग तेही हसले.

चहाच्या वेळी एक तिशीची मुलगी माझ्याजवळ आली. गळ्यातल्या कार्डावर विशाखा आणि राऊ शाखा असं लिहिलेलं. कप तिच्या हातात तसाच होता.

"मॅडम, एक बात विचारू? बुरा नका मानू."

"विचार की."

"ते अकरा लोक फर्जी नाहीत. म्हणजे गुजरलेले आहेत, सही आहे. पण फर्जी नाहीत."

मी म्हटलं, मेलेला माणूस पैसे कसे देईल?

"देणारा तर जिंदाच असतो ना मॅडम. पण आमच्यात दान देताना आपलं नाव नाही लिहीत. आईच्या नावानं देतात, आज्याच्या नावानं. माझ्या पप्पांनी दिलं तर पावती दादीच्या नावानं फाडतात. तुम्ही लोक कैलासवासी लिहिता, तसं आम्ही नावाच्या पहिले 'कालकथित' लिहितो. खातं ज्यांचं, त्या सोनवणे काकांनी फॉर्मवर तसंच लिहिलं होतं. तेव्हाचे जे साहेब होते ते बोलले, हे उपाधी वगैरे हटवा, फॉर्मचा खाना छोटा आहे, सिर्फ नाव लिहा. काकांनी दुसरा फॉर्म घेऊन साफ लिहून दिला. काका तर हेड क्लार्क होते, खाडाखोड त्यांना चालत नाही."

 मी साहेबी थाटात विचारलं, हे वर का कळवलं नाही?

"मी तर आत्ता सहा महिने पहिले आली या ब्रँचला. अन् मला कोण विचारेल?" तिनं कप टेबलावर ठेवला. "पैशाचं जाऊ द्या मॅडम, पेन्शन दुसऱ्या बँकेत आहे, घर चालतं. पण काकांनी मुलाशी बोलणं बंद केलंय. वर्ष झालं. ते म्हणतात, मोठ्या बँकांनी दोन-दोन देशांत रोक लावली म्हणजे पोरानं काहीतरी केलंच असेल."

शनिवार : बडा गणपती

रात्रभर झोप आली नाही हे लिहायलासुद्धा आता ढोंग वाटतं. झोप आली होती. पहाटे जाग आली तेव्हा मात्र पहिली आठवण त्या हशाची झाली, आणि अंगावर पांघरूण असून थंडी वाजू लागली.

मी मुंबईला वरिष्ठांना फोन लावला. नवीन माहिती पुढे आली आहे, खातेदाराचं लेखी निवेदन घेऊन येते, असं सांगितलं. ते म्हणाले, घ्या, पण निवेदनापलीकडे एक अक्षर बोलू नका. मला हे सांगायची गरज नव्हती. वर्गावर्गांतून हेच मी शिकवत आले होते.

दुपारी प्रशिक्षण संपल्यावर स्थानिक मंडळींनी आम्हाला बडा गणपती दाखवायला नेलं. जुन्या शहरातला हा भाग दुकानांनी खच्चून भरलेला. मूर्ती इतकी अवाढव्य, की दर्शन घ्यायचं म्हणजे मान मागे टाकून तुकड्यातुकड्यानं बघायचं, आधी पाय, मग पोट, मग सोंड. आपल्याकडचा गणपती घरातल्यासारखा वाटतो. हा एखाद्या मोठ्या अधिकाऱ्यासारखा वरून बघत होता. मी हात जोडले, पण मागायचं काय ते सुचलं नाही. बाहेर आले तर माझ्या चपला गायब. जगाच्या पैशावर पहारा देणाऱ्या बाईच्या चपला भरदिवसा गेल्या! एरवी मी यावर आठवडाभर विनोद केले असते. त्या दिवशी शेजारच्या दुकानातून रबरी चपला घेतल्या, एवढंच.

तिथल्याच एका पायरीवर बसून मी ग्रॅहमना विशाखानं सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, आमच्याकडेही ही केस शिकवतात. तुमच्या अहवालावरूनच.

"दुरुस्ती पाठवली तर?" मी विचारलं.

"जरूर पाठवा. आम्ही फाइलला जोडू." ते म्हणाले. "पण त्या बँकेनं खातं बंद करताना कारण दिलं नव्हतं, त्यामुळे आता कारण चुकीचं होतं असंही ती सांगणार नाही. तसं बंधन तिच्यावर नाही. त्या मुलाला दुसऱ्या बँका दारात उभं करतील की नाही, ते माझ्या हातात नाही."

म्हणतात ना, खोटं गावभर फिरून येतं तोवर खरं चपला शोधत असतं. माझ्या अहवालाला दोन देश ओलांडायला फारसा वेळ लागला नव्हता. दुरुस्तीसाठी असा रस्ताच कोणी बांधलेला नव्हता, कारण आम्ही चुकू असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की नियम मूर्खांनी केले. मुंबईत स्फोट झाले त्यांतल्या एका संध्याकाळी आमच्या शाखेचा शिपाई घरी पोहोचलाच नव्हता. त्याचा डबा दोन दिवस टेबलाखाली राहिला होता, मीच तो नंतर उचलला. कुठल्यातरी खात्यातून गेलेल्या पैशानं तो स्फोट झाला होता, आणि ते खातं कोणाच्यातरी नजरेतून सुटलं होतं. मी या विभागात मागून घेऊन आले ती त्यामुळे. म्हणून तर माझी सही इतकी ठाम पडायची.

रविवार : राऊ

विशाखा सकाळी अकराला स्कूटर घेऊन आली. साठीला टेकलेल्या बाईनं हिवाळ्यात स्कूटरच्या मागे बसून महू रस्त्यानं जाऊ नये, हा या प्रवासातला एकमेव उपयुक्त सल्ला. गुडघे गारठून गेले. दोन्ही बाजूंना नव्या वसाहतींचे बोर्ड, कॉलेजं, अर्धवट इमारती, मधेच गव्हाचा हिरवा तुकडा. ऊन असं नव्हतंच. विशाखा वाऱ्यावर ओरडून सांगत होती : तिचे पणजोबा फौजेत होते, काकांचे आजोबाही, पलटणीबरोबर महूला आले ते इथलेच झाले. आता पोरं बँकेत, रेल्वेत, शाळांत. कोणी कोणी परदेशात.

सोनवणे काकांचं घर दुमजली, समोर तुळस नाही, एक बोधिवृक्षाचं रोप कुंडीत. काका दारातच उभे होते. बारीक अंगकाठी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"जय भीम. या, या मॅडमजी. घर सापडण्यात परेशानी तर नाही झाली?"

हेड ऑफिसची मॅडम घरी येणार म्हणून त्यांनी कागदपत्रांची फाइल आधीच टेबलावर लावून ठेवली होती, अनुक्रमांकासकट. काकूंनी गराडू तळले होते. गराडू म्हणजे तिकडचा हिवाळी कंद. तळून, मसाला आणि लिंबू मारून देतात. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग बाकीचं. इथे गरम आहे तोवर खाऊन घ्या, काम नंतर. "आधी खाऊन घ्या हो बाई, ठंडे झाले तर रबर होतात," काकू म्हणाल्या. मी खाल्ले. चांगले होते. एकेक तुकडा गिळताना मला लाज वाटत होती.

मग काका मला वर घेऊन गेले. ज्यासाठी हे दान येत होतं ती अभ्यासिका वर होती. एक लांब खोली, बाकं, काचेच्या कपाटांत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, भिंतीला बाबासाहेबांची तसबीर. आसपासच्या घरांत पोरांना बसायला जागा नसते, म्हणून काकांनी निवृत्तीनंतर वरचा मजला त्यासाठी मोकळा केला. मुलानं तिकडच्या महूकर मंडळींना सांगितलं. महिन्याला थोडं थोडं प्रत्येकानं दिलं, मुलानं ते एकत्र पाठवलं, काकांनी रोख काढून इंदूरच्या बाजारातून पुस्तकं आणली. रोखीनं घेतली की दुकानदार जास्त सूट देतो.

दाराशेजारच्या भिंतीवर निळ्या रंगात एक यादी रंगवलेली होती. वर लिहिलं होतं, दान यांच्या स्मरणार्थ. खाली अकरा नावं, प्रत्येकापुढे 'कालकथित'.

ती नावं मला तोंडपाठ होती. वर्षभर मी ती पडद्यावर दाखवत आले होते. क्रमसुद्धा तोच.

काका एकेका नावावर बोट ठेवून सांगत गेले. "हे हवालदार होते, आमच्या आज्यांच्या बरोबरचे. ह्या दाई होत्या, अर्ध्या महूची पोरं ह्यांच्या हातावर आली, मी पण. हा माझा दोस्त, ड्राफ्ट्समन, हार्टफेल झाला. त्याची पोरगी तिकडे नर्स आहे, ती देते." सातव्या नावावर बोट जरा रेंगाळलं. "ही माझी आई. हिच्या नावानं आमच्या पोरानं दिलं, सर्वांच्या पहिले."

मी वळून खिडकीकडे गेले. तिथून काही खास दिसत नव्हतं, एक पाण्याची टाकी आणि कुणाचे तरी वाळत घातलेले स्वेटर. या माणसांवर मी लोकांना हसवलं होतं. दाईवर हसवलं होतं.

"आता अभ्यासिका बंदच आहे," काका म्हणाले. "मीच बंद केली. जोपर्यंत क्लीन चिट नाही, तोपर्यंत पोरांना इथे बसवणं बरोबर नाही. उद्या त्यांच्यावर शक आला तर?"

खाली येऊन मी निवेदन लिहून घेतलं. प्रत्येक नावासमोर देणाऱ्या जिवंत माणसाचं नाव, नातं, गाव. ज्यांचा पत्ता काकांकडे नव्हता तो त्यांनी सांगितला नाही; अंदाजानं काही लिहायचं नाही म्हणाले. अडीच तास लागले. मधे दाल-बाफले झाले; बाफला म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा. तुपात बुडवलेला बाफला पाहून एरवी मी जागची हलले नसते. त्या दिवशी अर्धा संपवताना नाकी नऊ आले.

चार वाजता कपाटावरचा फोन वाजला.

काकांनी मान वर केली नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, हाताला पीठ तसंच. विशाखानं माझ्याकडे बघितलं. फोनच्या पडद्यावर एका तरुणाचा फोटो, पदवीच्या काळ्या डगल्यातला.

"रविवारी चारला करतो," काका मला म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या मुलाबद्दल बोलावं तसं. "ही शेजारी जाऊन बोलून येते त्याच्याशी. तिला वाटतं मला कळत नाही."

काकूंनी पदरानं नाक पुसलं.

"तुम्ही उचला ना," माझ्या तोंडून गेलं.

"कसं उचलू मॅडमजी? त्याला मी पहिल्याच दिवशी विचारलं, काय केलंस? तो म्हणाला, काहीच नाही. मी म्हटलं, काहीच नाही तर बँक कारण का सांगत नाही? तो म्हणाला, सांगतच नाहीत पप्पा. आता तुम्हीच बोला. मी सारी उमर दफ्तरात काढली. कारण न देता आपण चपराश्याची छुट्टी पण नामंजूर करत नव्हतो. अन् इथे दोन देश एकदम बोलतायत. दोन देश खोटं बोलतील अन् माझा एक पोरगा खरं?"

फोन एकदा थांबून पुन्हा वाजू लागला. मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. निवेदन घ्यायचं, आभार मानायचे, उठायचं.

"काका," मी म्हटलं, "तुमच्या मुलानं काही केलेलं नाही. मला माहीत आहे. फोन उचला."

 काकांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं, की मला वाटलं ते आता उठतील. पण त्यांनी टेबलावरचं पेन उचलून माझ्यासमोर ठेवलं आणि एक कोरा कागद सरकवला.

"हे लेखी मिळेल?"

मी पेनाला हात लावला नाही.

"जास्त नको. दोन ओळी. की चौकशी झाली अन् पोरगा निर्दोष आहे. खाली तुमची सही."

माझी सही. तीच सही. ती अहवालावर आहे हे मी सांगू शकत नव्हते, आणि जो अहवाल गेलाच नाही असं मला भासवायचं होतं, त्यातून मुलाला निर्दोष कसं ठरवणार? नियम आड होता हे खरं आहे. पण नियम नसता तर मी त्या घरात, त्या काकूंसमोर, ही सगळी करणी माझी म्हणून सांगितलं असतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खात्रीनं हो म्हणता येत नाही.

"लेखी नाही देता येणार, काका."

फोन थांबला.

"मग ठीक आहे," ते शांतपणे म्हणाले. रागावले नाहीत, तेच फार लागलं. "तुम्ही घरी आलात, जेवलात, म्हणून आमचं मन राखायला बोललात. मोठ्या मनाच्या आहात. पण तोंडी आदेशावर मी कधी काम केलं नाही. ज्यांनी केलं त्यांच्या पेन्शनी अडकलेल्या मी पाहिल्या आहेत."

निघताना काकूंनी माझ्या हातात शेवेची पिशवी दिली आणि विशाखाच्या स्कूटरपर्यंत आल्या. तिथे हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्ही खरं बोलल्या ना?" मी मान डोलावली. "मला तर माहीतच होतं," त्या म्हणाल्या, "माझं लेकरू आहे ते. पण माझ्या माहीत असण्यानं ह्यांचं काय होतं?"

मुंबईला परतल्यावर

ती स्लाइड मी काढून टाकली. दुरुस्तीचा अहवाल मी स्वतः लिहिला, इतक्या बारकाईनं मी मूळ अहवालही लिहिला नव्हता. तो रीतसर गेला. ग्रॅहमनी शब्द पाळला, तिकडच्या फाइलला तो जोडला गेला. महिने गेले. माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी राऊचं खातं मोकळं झालं. मुलाचं तिकडचं खातं उघडलं नाही. त्याचा पगार अजूनही एका मित्राच्या खात्यात जातो, असं विशाखानं सांगितलं. आमच्या नियमांप्रमाणे हे पुन्हा संशयास्पदच.

खातं मोकळं झाल्याचं पत्र बँकेतर्फे काकांना गेलं. त्याचा मसुदा मी पाहिला होता. 'आपल्या खात्यावरील निर्बंध उठवण्यात आले आहेत', एवढं एक वाक्य. कारण लिहायचं नसतं. मी त्यात 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' घालून बघितलं, ते वर खोडलं गेलं. दिलगिरी म्हणजे चूक मान्य केल्यासारखं होतं म्हणे.

पत्र विशाखानंच नेऊन दिलं. नंतर तिचा फोन आला. काकांनी उभ्यानंच ते वाचलं, मग कागद उलटून मागची बाजू बघितली. मागे काही नव्हतं.

"मला विचारलं, ह्यात पोराचं काही लिहिलंय का? मी म्हटलं, नाही काका. मग घडी करून फाइलला लावून दिलं. नंबर टाकून."

"आणि फोन?"

"रविवारी वाजतो ना मॅडम. चारला."

मी पुष्कळ विचार करून हे सगळं लिहिलं. आता हे लेखी आहे. त्या मुलानं काही केलेलं नाही, हे मी इथे पांढऱ्यावर काळं करून देते. पण यात त्याचं खरं नाव नाही, त्याच्या वडिलांचं नाही, बँकेचं नाही, खाली माझी सही नाही आणि शिक्काही नाही. असला कागद सोनवणे काका हातात धरणार नाहीत.